ओळखीचा शब्दच घात करतो: गोव्यातला मजकूर भाषांतरित करताना या चुका टाळा

पेडणे तालुक्यातल्या एका देवळाच्या जत्रेची माहितीपुस्तिका काही वर्षांपूर्वी मी मराठीतून इंग्रजीत केली होती. जत्रेच्या आधी गावकर देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, असं मूळ वाक्य होतं. मी ‘गावप्रमुख देवापुढे तक्रार मांडतो’ अशा अर्थाचं इंग्रजी लिहिलं आणि पुढे गेलो. पुस्तिका छापली गेली, वाटली गेली. जत्रेच्या दिवशी एका परदेशी पाहुण्याने त्या गावकराच्या मुलाला अगदी काळजीने विचारलं, की गावात एवढी कसली भांडणं आहेत? त्या मुलाचा पडलेला चेहरा मला अजून दिसतो.

शब्दकोशात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, हे खरंच आहे. पण कोकणात आणि गोव्यात देवापुढे घातलं जातं ते गाऱ्हाणं वेगळं. ग्रामदेवता, स्थळाचे देव, सीमेवरचा राखणदार अशी एकेकाची नावं घेऊन गाव त्यांना हाक मारतो. चूकभूल पोटात घाल, लेकराबाळांना सांभाळ, गुराढोरांना राख, असं मागतो. एक माणूस बोलतो आणि बाकीचे प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. त्याला तक्रार म्हटलं की सगळं गाव भांडखोर ठरतं.

तेव्हापासून मी एक शिकलो. अवघड शब्द फारसं नुकसान करत नाही, कारण तो आपल्याला थांबवतो, कोश उघडायला लावतो. ओळखीचा शब्द थांबवत नाही. आणि कोंकणी-मराठीइतक्या जवळच्या भाषांमध्ये अशा शब्दांची रांगच लागलेली असते.

अर्थ नको, आधी कृती विचारा

‘कौल’ घ्या. मूळ अरबी शब्द, अर्थ वचन. राज्यकर्ते रयतेला अभय द्यायचे तो कौलनामा. छपरावरचं कौल वेगळं. आणि 16 जानेवारी 1967 ला गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं हे ठरवलं, तो जनमत कौल. देवळातला कौल या सगळ्यांहून निराळा. देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात, प्रश्न सांगतात आणि वाट बघतात. उजवीकडची आधी पडली की बहुतेक ठिकाणी होकार समजतात. लग्न, घराचा पाया, कोर्टातला दावा, सगळं त्या एका पाकळीवर थांबलेलं असतं. घरातली माणसं श्वास रोखून उभी असतात. अशा वाक्याचं ‘देवळाला कौल बसवलं’ असं झालेलं भाषांतर मी स्वतः वाचलं आहे.

यावर उपाय साधा आहे. शब्दाचा अर्थ काय, हे विचारण्याआधी तिथे कोण काय करतं ते विचारा. हात कुठे असतात, समोर काय असतं, किती वेळ लागतो? उत्तर मिळालं की मूळ शब्द तसाच ठेवा आणि ती कृती अर्ध्या ओळीत सांगा. ‘पाकळी लावून देवाचा कौल घेतला’ एवढं पुरतं. तळटीप लागत नाही.

बहीण-भाषेत नकार कुठे बसतो ते बघा

कोंकणीत ‘तो आयलो ना’ म्हणजे तो आला नाही. मराठी कानाला ते ‘तो आला ना?’ असं ऐकू येतं, म्हणजे नेमकं उलट. पत्रात, जबानीत, ध्वनिफितीवरून लिहून काढलेल्या मुलाखतीत ही चूक फार होते, आणि वाक्य व्याकरणात चोख असल्यामुळे तपासणाराही फसतो. शंका आली तर त्या वाक्याच्या पुढचं-मागचं ऐका. बोलणाऱ्याच्या आवाजात प्रश्न आहे का, हे कागदावर कळत नाही.

खाजनाचे शब्द

हा भाग मला सगळ्यात जवळचा. मांडवी-झुवारीच्या काठची खाजन शेतं म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली जमीन. या बांधात जी लाकडी दारं असतात त्यांना ‘मानस’ म्हणतात. भरतीचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. तिथे जाळं लावून मासळी, सुंगटं म्हणजे कोळंबी धरतात. हा धरण्याचा हक्क लिलावात देतात, आणि लिलावाला शब्द आहे ‘पावणी’.

आता ‘मानशीची पावणी’ हे पुण्याच्या वाचकासमोर ठेवा. मानस म्हणजे मन, पावणी म्हणजे पाहुणी. कवितेची ओळ वाटेल. प्रत्यक्षात ती गावाच्या जमाखर्चातली एक नोंद आहे. अशा ठिकाणी ‘मानस’ काढून नुसतं ‘झडप’ घालू नका. दार कुणी उघडायचं, बांध कुणी राखायचा, पैसे कुणाच्या खात्यात जायचे, हे सगळं त्या शब्दाला बांधलेलं आहे. पहिल्यांदा येईल तेव्हा ‘मानस, म्हणजे बांधातलं लाकडी दार’ असं लिहा. पुढे वाचक तो शब्द आपलासा करतो.

‘भाट’ही तसाच. मराठीत स्तुती गाणारा, गोव्यात माडांची बाग. भाटाचा मालक तो भाटकार.

कायद्याच्या कागदात जवळचा शब्द चालत नाही

मुंडकार म्हणजे भाडेकरू नव्हे. भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीतल्या घरात कायम राहणारा तो मुंडकार, आणि त्याला संरक्षण देणारा वेगळा कायदा 1975 चा आहे. शेत कसणारा तो कूळ, त्याचा कायदा 1964 चा. अर्जात ‘भाडेकरू’ लिहिलंत तर म्हातारीचं राहतं घर दुसऱ्याच कायद्याखाली जाऊन पडतं. ‘कोमुनिदाद’चा ‘समाज’ करू नका, ती गावकऱ्यांची जमीन सांभाळणारी संस्था आहे. देवस्थानाचा ‘महाजन’ हिंदीमार्गे सावकार होऊन येतो, तेही तपासा. इथे महाजनकी वंशपरंपरेने येते आणि देवळाच्या कारभारात हक्क देते.

‘सुशेगाद’चा आळशी करू नका

पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आलेला हा शब्द. अर्थ निवांत, मनाने स्वस्थ. पर्यटनाच्या मजकुरात त्याचा ‘काम न करणारा गोंयकार’ झाला आणि तो आता इतका रुळला आहे की आपलीच मुलं तो स्वतःला लावतात. पहाटे माडावर चढणारा, दुपारी आणि संध्याकाळी पुन्हा चढणारा रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारा, तोही सुशेगाद असू शकतो. काम संपवून तो सोप्यावर बसतो तेव्हा उद्याची चिंता डोक्यावर घेत नाही, एवढंच. मराठीत ‘निवांत’ आहे, ‘स्वस्थ’ आहे. ते वापरा.

‘देव बरें करूं’चं ‘धन्यवाद’ होतं तेव्हाही असंच काही गळून पडतं, कारण त्यात आभारासोबत आशीर्वाद आहे. पण ‘देव तुमचं भलं करो’ केलं तर मराठीत दारावर भिक्षेला आलेल्या माणसाचा स्वर लागतो. मी तो मूळचाच ठेवतो. मराठी वाचकाला तो कळतो.

दुसऱ्या देवाचा शब्द उसना घेताना

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. मराठी ओव्यांतल्या त्या ग्रंथात ख्रिस्ती स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ आलं आहे. ऐकणाऱ्याच्या मनात त्या शब्दासोबत विष्णू होताच. स्टीफन्सनी तो शब्द जाणून घेतला, नवा अर्थ भरला आणि हजारो ओव्या त्याच्याभोवती रचल्या. आपण मात्र चर्चच्या फेस्ताला सहज ‘जत्रा’ म्हणून जातो किंवा मांडावर खेळल्या जाणाऱ्या धालोला ‘रंगमंचावरील लोकनृत्य’. मांड ही पवित्र जागा आहे, ती रंगमंच नव्हे. पौषातल्या रात्री बायका तिथे खेळतात ते प्रेक्षकांसाठी नसतं.

छापण्याआधी ज्याचा शब्द त्याला वाचून दाखवा

त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघायची होती तेव्हा मी गावकराच्या घरी गेलो. नवं वाक्य कोंकणीत उलगडून सांगितलं. तक्रार काढून टाकली होती, गाऱ्हाणं तसंच ठेवलं होतं, ‘व्हय म्हाराजा’ही घेतलं होतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "पयलें उतर बदल. हांव गांवचो मुखेली न्हय. गांवाच्या वतीन उलयतां."

उतर म्हणजे शब्द. ‘गावप्रमुख’ मी पहिल्या खेपेला लिहिला होता आणि दुरुस्तीतही तसाच राहिला होता. तिथेच ओट्यावर बसून तो खोडला.