धंद्याची दिशा एकीकडे, सिस्टीम दुसरीकडे: या चुका टाळा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली, कंट्रोल पॅनल बनवणारी एखादी मध्यम कंपनी डोळ्यांसमोर आणा. दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये मालक सांगतात, "नुसता माल विकून आता भागणार नाही. सर्व्हिस आणि स्पेअर्समधून कमाई वाढवायची." आयटीवाल्यांच्या वहीत याची नोंद होते ती अशी: नवा सर्व्हर, क्लाउड बॅकअप, सर्व्हिस इंजिनिअरांसाठी मोबाइल ॲप. वर्षअखेर तिन्ही कामं पूर्ण, आणि सर्व्हिसचं उत्पन्न जिथल्या तिथे.

इथे आळशीपणा कुणीच केलेला नाही. मालकाच्या वाक्याची थेट खरेदीची यादी केली, तिथे घोटाळा झाला. मधला एक प्रश्न राहून गेला: हे साधायला कंपनीला असं काय जमायला हवं, जे आज जमत नाही? कंपनीच्या सिस्टीमची आखणी कशी करावी हे सांगणाऱ्या टोगॅफसारख्या चौकटीतही क्रम हाच आहे. आधी बिझनेस आर्किटेक्चर, म्हणजे कंपनीच्या कामाची मांडणी, मग डेटा आणि ॲप्लिकेशन, टेक्नॉलॉजी शेवटी. आपल्याकडे मात्र कोटेशन आधी येतं.

दुखणं कुठे आहे ते असं शोधा

ग्राहकाचा एक फोन घ्या आणि तो सिस्टीममधून कसा जातो ते शेजारी बसून बघा. भरूचहून फोन आला, "पॅनल ट्रिप होतंय, नंबर ११८." वॉरंटी आहे का? आत कुठला ब्रेकर बसवलाय? ईआरपीत, म्हणजे खरेदी, स्टोअर, विक्री एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, डिस्पॅचची नोंद सापडते: पॅनल, ४ नग. सिरीयल नंबर? डिस्पॅचचे काका म्हणतात, "टाकतो ना आम्ही, चलनाच्या रिमार्कमध्ये." खरंच टाकलेला असतो. एका चलनावर "११७ ते १२०", दुसऱ्यावर "११७-२०", तिसऱ्यावर "वरीलप्रमाणे". यात ११८ शोधून मिळणार कसा? महागडं ॲप उघडतं, नंबर विचारतं आणि "रेकॉर्ड नाही" म्हणून मोकळं होतं.

म्हणजे सर्व्हिसचा सगळा बेत एका रिमार्कच्या रकान्यात अडकलेला असतो. इलाज तसा कंटाळवाणा आहे. प्रत्येक नगाचा सिरीयल नंबर हा सक्तीचा रकाना करा, त्याला वॉरंटीची तारीख आणि त्या वेळच्या बीओएमची (पॅनलमध्ये बसवलेल्या भागांच्या यादीची) आवृत्ती जोडा, आणि नंबर भरल्याशिवाय चलन निघू देऊ नका. पहिले काही दिवस डिस्पॅचमध्ये आरडाओरडा होईल, तो होऊ द्या. जुन्या मालाचं काय, हा प्रश्न येणारच. सगळी जुनी चलनं उपसत बसू नका, वॉरंटीत असलेला माल तेवढा भरून घ्या. ॲपचा विचार त्यानंतर.

आयटम कोडचंही असंच. एकच तांब्याची पट्टी परचेसमध्ये एका नावाने, स्टोअरमध्ये दुसऱ्या आणि डिझाइनमध्ये ड्रॉइंग नंबराने ओळखली जात असेल, तर स्पेअर्सचा भाव कोणत्या खर्चावर काढणार?

विक्रेत्याच्या कॅलेंडरला स्ट्रॅटेजी समजू नका

एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या ईसीसी या जुन्या ईआरपीची मुख्य देखभाल २०२७ अखेरपर्यंत देऊ असं सांगितलंय. ही मुदत आधी २०२५ होती, २०२० मध्ये ती पुढे ढकलली. तारीख गंभीरपणे घ्यायलाच हवी, पण "२०२७ च्या आत मायग्रेशन", म्हणजे नव्या सिस्टीमवर जाणं, ही झाली डेडलाइन. मायग्रेशन करताना कोणती जुनी सवय बंद करायची हे ठरलं नसेल, तर तोच गोंधळ नव्या स्क्रीनवर दिसेल, पैसे भरून.

कायद्याच्या कामाचं गणितही वेगळं मांडा. ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस लागलं. त्याच वर्षी एप्रिलपासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, सक्तीचा झाला. ही कामं टळत नाहीत आणि आयटीचं निम्मं वर्ष खातात. बजेट एकत्र ठेवलं की मालकांना वाटतं, एवढा पैसा नव्या दिशेवर लागला. प्रत्यक्षात तो जागेवर टिकून राहण्यात गेलेला असतो. दोन रकाने करा, मग खरं चित्र दिसेल.

एक्सेलवर बंदी घालण्याची घाई नको

एक्सेलच्या फायली ही माझ्या मते उत्तम तपासणी आहे. दर सोमवारी कोणती शीट हाताने बनते, कोण बनवतं आणि ती कुणाला जाते, ते विचारा. ईआरपी जिथे कमी पडतं, नेमकी तिथेच ती शीट जन्मलेली असते. बंदी घातली तर ती पेन ड्राइव्हवर जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

आर्किटेक्चरच्या बैठकीत फक्त आयटी आणि विक्रेता बसत असतील, तर डिस्पॅच, स्टोअर आणि सर्व्हिसचा एकेक माणूस बोलवा. मालकांनी निदान तिमाहीतून एकदा यावं आणि एकच गोष्ट विचारावी: या तीन महिन्यांत आपण ग्राहकाला असं कोणतं उत्तर देऊ लागलो, जे आधी देता येत नव्हतं? त्यावर आयटीने सर्व्हरचा अपटाइम सांगायला सुरुवात केली, तर यादी पुन्हा तपासायला घ्या.