एक डोळा झाकून अंतर जोखताना या चुका टाळा

एक डोळा मिटून दोन पेनांची टोके भिडवण्याचा खेळ शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हमखास मांडलेला असतो, आणि टोके हुकली की ‘एका डोळ्याला खोली कळत नाही’ असे तक्त्यावर लिहून मुले मोकळी होतात. गोव्यातील डिचोलीत चष्म्याचे दुकान चालवण्यात आणि सत्तरीतील शाळांमध्ये नजर तपासण्यात माझी वीसेक वर्षे गेली. या एका अर्धवट निष्कर्षापायी घरोघरी किती चुकीचे निर्णय होतात हे मी पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

एक डोळा गेल्याने खोली नाहीशी होत नाही. तिचा एक आधार जातो. दोन डोळ्यांमध्ये साधारण ६ ते ६.५ सेंटिमीटर अंतर असल्यामुळे प्रत्येकाला किंचित वेगळे चित्र दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली आरशांच्या स्टिरिओस्कोपने दाखवून दिले. मात्र दोन वस्तू जसजशा लांब जातात, तसतसा त्यांच्या तेवढ्याच पुढेमागे असण्याने पडणारा हा फरक अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. ज्याची नजर कोनाच्या २० विकलांइतका (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) फरक टिपते, त्याला अर्ध्या मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचेही पुढेमागे कळते. पण ५० मीटरवर केवळ या आधारावर विसंबला तर तोच मनुष्य जवळजवळ ४ मीटरांनी फसेल. म्हणून सुईत दोरा ओवताना किंवा विळीवर नारळ खवताना दोन डोळ्यांचा उपयोग फार. चोर्ला घाटातील कोणता डोंगर जवळचा हे मात्र एक डोळाही तितक्याच खात्रीने सांगतो, कारण जवळचा डोंगर लांबच्याला झाकतो, लांबचा निळसर धूसर दिसतो, आणि बसमधून जाताना कडेची झाडे झरझर मागे पळतात तेव्हा डोंगर जागचे हलल्यासारखे वाटत नाहीत. मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १९६१ मधील मोटार अपघातात जवळजवळ गेली आणि पुढच्याच वर्षी, २१ वर्षांचे असताना, ते भारताचे कर्णधार झाले.

तेव्हा पेनांचा प्रयोग करायचाच असेल तर तो नीट करावा. हनुवटी पुस्तकांच्या चळतीवर टेकवावी, पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यातूनच पाहावे, म्हणजे टेबलाची कड आणि सावली दिसणार नाही. एक पेन दुसऱ्याने धरावे आणि दर खेपेला त्याची जागा बदलावी. एका डोळ्याने दहा वेळा, दोन्हींनी दहा वेळा. त्यानंतर पुन्हा एकाच डोळ्याने, पण या वेळी डोके चार बोटे डावीकडे-उजवीकडे हलवत. ही तिसरी फेरी सगळे गाळतात, आणि नेमके तिच्यातच कळते की डोळा एक असला तरी मान हलवून त्याला दोन जागांवरून पाहता येते. दहा खेपा ज्यांना जास्त वाटतात, त्यांनी प्रयोग न केलेला बरा.

माझ्या ओळखीच्या एका पाडेल्याचा, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याचा, डोळा झावळीचा हीर लागून गेला. घरच्यांनी दोन दिवसांत ठरवून टाकले की आता याला काही जमायचे नाही, कारण चहा ओतताना धार कपाच्या बाहेर गेली होती. मी त्याला इतकेच सांगितले की किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकव आणि मग ओत, जिना उतरताना आधी पावलाने कड चाचपून पाहा, आणि गेलेल्या डोळ्याच्या बाजूला मान वळवण्याची सवय लावून घे. काही महिन्यांनी तो दुकानात आला आणि माझ्यासमोर त्याने पाण्याचा पेला काठोकाठ भरून दाखवला. झाडावर चढणे त्याने सोडले, आणि ते योग्यच केले. चूक असते ती घाईची, दोन्ही बाजूंनी: पहिल्या आठवड्यात माणसाला बाद ठरवणेही घाईचे आणि पहिल्याच आठवड्यात त्याने स्कूटर बाहेर काढणेही.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. सिनेमा थ्रीडीत दिसला म्हणजे दोन्ही डोळे उत्तम, असे होत नाही. प्रोग्रेसिव्ह भिंगांचा नवा चष्मा घालून नुसती नजर खाली टाकून पायऱ्या उतरू नयेत. भिंगाचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, म्हणून हनुवटीच खाली आणावी. चिऱ्यांच्या एकरंगी पायऱ्या तिन्हीसांजेला सपाट दिसतात, तेव्हा कडेला चुन्याचा पट्टा ओढून ठेवावा.

आता मला सर्वांत जास्त सलणारी चूक, म्हणजे तपासताना मुलाला स्वतःच्या तळहाताने डोळा झाकायला सांगणे. सत्तरीतील एका शाळेत चौथीतील मुलगी शेवटची ओळ धडाधड वाचत होती, पण मान जराशी वळलेली होती आणि दोन बोटांच्या फटीतून तिचा झाकलेला डोळा चमकत होता. मी उजव्या डोळ्यावर कापसाची पट्टी चिकटवली, तर डाव्याने तिला सर्वांत वरचे मोठे अक्षरही धड वाचता येईना. आधीच्या तपासणीत तिच्या कार्डावर ‘ठीक’ असा शेरा होता. मुलगी लबाडी करत नव्हती. जिला दोन डोळ्यांनी पाहणे कधी ठाऊकच नाही, ती तक्रार कशाची करणार? तिची आई म्हणाली, ‘बाई, हिला चेंडू कधी झेलताच येत नाही, आम्ही वेंधळी म्हणतो.’ तासाभरात साठ मुले उरकणाऱ्या नवशिक्यांना मी हेच सांगते की संख्या कमी झाली तरी चालेल, पट्टी स्वतःच्या हाताने लावा.

लहानपणापासून असा मागे पडलेला डोळा म्हणजे ‘आळशी डोळा’. तो सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर उत्तम. नंतरही सुधारणा होते, पण वेळ लागतो. बालवयात दोन्ही डोळ्यांचे संदेश मेंदूला मिळाले नाहीत तर त्याची जडणघडणच बिघडते, हे ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिलांवर दाखवले, आणि १९८१ चे नोबेल त्यांना मिळाले. त्या मुलीला डॉक्टरांनी चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधायला सांगितली. सात महिन्यांनी तिला पोलरॉइड चष्मा लावून मी तिच्यासमोर मोठ्या माशीचे चित्र धरले. दोन्ही डोळे मिळून पाहत असतील तर त्यातली माशी कागदातून वर उठलेली दिसते. पहिल्या खेपेला तिने बोट कागदावर टेकवले होते. या वेळी तिची चिमूट कागदाच्या वर, हवेतच पंखाभोवती मिटली. त्याच दिवशी आईने विचारले की आता पट्टी बंद करू का. मी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवले, कारण पट्टीचे तास घरच्या घरी कमी केले की कमावलेली नजर पुन्हा घसरू शकते.