रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

"आईला थायरॉइड आहे," एवढंच सांगू नका. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी, ती सगळ्यांनाच असते. मग डॉक्टर विचारतात, "वाढलाय की कमी?" आणि आपण रिपोर्ट बघून म्हणतो, "टीएसएच १२ आलाय, म्हणजे वाढलाय." गफलत होते ती इथे. टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी बनवते, थायरॉइडला कामाला लावण्यासाठी. थायरॉइड सुस्तावली की पिट्युटरी तिच्यामागे जास्त तगादा लावते. म्हणजे बहुतेक वेळा टीएसएच जास्त, तेव्हा थायरॉइड कमी: हायपोथायरॉइडिझम. हायपो कमी, हायपर जास्त, आणि दोघांचे उपचार उलटे. थायरॉइडच्या गोळीचा डोस सांगतानाही बाटली समोर धरा. तिच्यावर '५० एमसीजी' (मायक्रोग्रॅम) असतं, 'एमजी' (मिलिग्रॅम) नव्हे. एक एमजी म्हणजे १,००० एमसीजी.

वॉर्डाबाहेर एका मुलाला मी फाइलवर 'हार्ट फेल्युअर' वाचून भिंतीला टेकून रडताना पाहिलंय. वडील आत उठून बसले होते, चहा मागत होते. आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला, त्या मुलाचा काय दोष? फाइलमधल्या शब्दाचा अर्थ एवढाच की हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडतेय. म्हणून पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते. आजार गंभीर आहे, पण औषधांवर माणसं वर्षानुवर्षं राहतात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, पण रुग्ण बोलत असू शकतो. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयच थांबतं, रुग्ण कोसळतो, हाकेला ओ देत नाही. १०८ ला फोन दोन्हींत करायचा. अरेस्टमध्ये त्याच क्षणी छाती दाबायलाही सुरुवात करायची.

'काकांची अँजिओ झालीय' हेही अर्धवटच. अँजिओग्राफी ही तपासणी, अँजिओप्लास्टी म्हणजे फुग्याने वाहिनी उघडणं, बहुधा स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालून. स्टेंट असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, आणि दात काढण्याआधी दंतवैद्याला ते कळायलाच हवं.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, ते सुजलेले लिम्फ नोड, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या छोट्या गाठी. रिपोर्टमध्ये त्यालाच लिम्फॅडेनोपॅथी म्हणतात. नावाची सुरुवात सारखी म्हणून तो लिम्फोमा समजू नका. लिम्फोमा कॅन्सर आहे, हे फक्त सुजेचं नाव. मात्र गाठ कडक असेल, दुखत नसेल किंवा दोन-तीन आठवड्यांत बसली नसेल, तर दाखवून या.