नखं कापा, मग गिरनारचं बोला

बडोद्याच्या दांडिया बाजारातली आमच्या ओळखीची निम्मी मंडळी गिरनारला जाऊन आलीत. निघताना प्रत्येकाने मला सूचना दिल्या: टॉर्च घे, गुडघ्याची पट्टी घे, ग्लुकोज घे. पायाच्या नखांचं नाव कुणी काढलं नाही. बस शनिवारी रात्रीची होती. संध्याकाळी नेलकटर हातात घेतलं, तर आजी म्हणाली, "शनिवारी नखं कापतात का रे?" ठेवून दिलं.

म्हणून पहिली गोष्ट, नखं. निघायच्या दोन-तीन दिवस आधी कापा, सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. शनिवार येत असेल तर गुरुवारी-शुक्रवारी उरका.

सराव पावागडला करा, लांब जायची गरज नाही. पण चढून उडनखटोल्याने, म्हणजे तिथल्या रोपवेने, खाली आलात तर तो सराव नव्हे. दम चढताना लागतो, वाट लागते ती उतरताना. पायऱ्यांनीच उतरा, आणि तेच बूट घालून उतरा जे गिरनारला घालणार आहात. बोटं पुढे टेकतायत का, ते तिथेच कळेल. टेकत असतील तर बूट बदला. आणि नखं बघा.

पाण्याची बाटली धातूची घ्या, प्लॅस्टिकवर डोंगरावर बंदी आहे. टॉर्च न्यायची हे सांगायला नको. थेपले आणि थोडा गूळ पुरतो. आमच्यातल्या एकाने सेव-उसळ बांधून आणली होती, तिचं काय झालं ते विचारू नका. काठी तळेटीला, म्हणजे पायथ्याशी, मिळते, घ्याच. तरुण आहात म्हणून लाजू नका.

गिरनारच्या रोपवेबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. 2020 साली तो सुरू झाला तेव्हापासून जो तो म्हणतो, आता काय, बसायचं आणि दर्शन घ्यायचं. अहो, तो वाटेतल्या अंबाजीच्या मंदिरापर्यंतच जातो! पाच हजारांच्या आसपास पायऱ्या वाचतात खऱ्या, पण दत्तपादुकांची वाट तिथून पुढे आहे. मध्ये गोरखनाथ, तोच गुजरातमधला सर्वांत उंच माथा. तिथे पोचल्यावर वाटतं झालं, आणि पायऱ्या चक्क खाली उतरायला लागतात. समोर दत्ताचा सुळका दिसत असतो, आणि आपण उतरत असतो. मग पुन्हा खडी चढण. परतताना हेच सगळं उलटं. शिवाय रोपवे रात्री नसतो, आणि वारा सुटला की दिवसाही बंद. त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

चढायला मध्यरात्रीनंतर निघा. ऊन चढायच्या आत दत्तशिखर गाठायचं, एवढा एकच हिशोब ठेवा. रात्री मागेपुढे माणसं असतील असं चाला, अभयारण्य आहे, सिंह-बिबटे खरेच आहेत. जैन मंदिरांशी घटकाभर टेका, जास्त बसलात की पाय आखडतात. कार्तिकी परिक्रमेच्या दिवसांत आणि महाशिवरात्रीला पहिल्यांदा जाणाऱ्याने जाऊच नये, गर्दी लाखांत असते.

वर दर्शन झालं, वाटलं जिंकलं. उतरताना अंबाजीच्याही वर असतानाच डावा अंगठा ठणकू लागला. प्रत्येक पायरीला अंगाचा भार पुढे येतो, पाय बुटात सरकतो, वाढलेलं नख टोकावर आपटतं. एकदा आपटलं तर काही नाही, हजारो वेळा आपटतं. शेवटी मी रेलिंग धरून खेकड्यासारखा आडवा उतरलो, आणि डोलीवाले शेजारून वजन घेऊन झपझप गेले. नख आधी जांभळं, मग काळं. दोन महिन्यांनी अंघोळ करताना टॉवेलला अडकून निघालं.

तेव्हा उतरायच्या आधी खाली बसा, लेस सोडा, टाच मागे ठोकून बसवा आणि घोट्याजवळ करकचून बांधा. बोटांपाशी सैल असली तरी चालेल. आणि नखं. कापली ना?

दत्तशिखराखालच्या कमंडलू कुंडाला जायचं तर पाय शिल्लक आहेत का ते पाहून वळा, ती वाट वेगळी खाली उतरते. तळेटीला पोचलात की बूट काढा, चप्पल घाला, भरपूर पाणी प्या. मुक्कामाची खोली तळमजल्यावरची मागा. परतीच्या बसमध्ये वरचा बर्थ घेऊ नका, शिडी चढवणार नाही.