लघुपट घेऊन गावच्या संमेलनात बोलायला जाताना

बेळगाव भागात एखादा लघुपट केला आणि तो चार जणांच्या पाहण्यात आला, की बोलावणं येतंच. कधी वाचनालयातून, कधी कॉलेजच्या मराठी विभागातून, आणि हिवाळ्यात कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत भरणाऱ्या साहित्य संमेलनांतून. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, कथाकथन, कविसंमेलन आणि त्यातच कुठेतरी दिग्दर्शकाची मुलाखत. मी याच भागात माहितीपट आणि लघुपट करते आणि अशी बोलावणी सहसा नाकारत नाही. पहिल्यांदाच माईकसमोर बसणार असाल तर हे वाचून जा.

आधी समोर कोण आहे ते ध्यानात घ्या. निवृत्त गुरुजी, बचत गटाच्या बायका, कवितेची वही काखेत धरलेली पोरं, शेतातली कामं उरकून आलेली माणसं. फिल्म क्लबशी त्यांचा संबंध आलेला नसतो, पण कीर्तन, भारूड, जत्रेतली नाटकं यांनी त्यांचे डोळे आणि कान तयार केलेले असतात. खोटं वाक्य त्यांना लगेच कळतं. ‘सर्जनशीलता म्हणजे काय’ इथून सुरुवात केलीत तर दहा मिनिटांत खुर्च्या वाजायला लागतात. त्याऐवजी तुम्ही काय ठरवलंत ते सांगा. कॅमेरा उंबऱ्याबाहेरच का ठेवला, म्हातारीचं रडणं का कापलं, शेवटी संगीत का नाही. निर्णय आणि त्यामागचं कारण ऐकायला लोक पुढे सरकून बसतात.

‘कल्पना सुचते कुठून?’ हा प्रश्न ठरलेलाच. ‘आतून येते’ असं मोघम उत्तर देऊ नका, एक उदाहरण उलगडून दाखवा. मी बेळगावातल्या वडगावचं सांगते. वडगावात कितीतरी घरांत माग आहेत. पॉवरलूम चालू असला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. नवरा मागावर, बायको कांड्या भरायला, आणि दोघांचं बोलणं खुणांनी. शूटिंग ठरण्याआधी मी अशा एका घरात नुसतीच जाऊन बसायची. एका दुपारी लाईट गेली. घरातला माग थांबला, शेजारचे थांबले, आणि घरातली माणसं एकदम बोलायला लागली. मुलीला आलेलं स्थळ, सुताचा वाढलेला दर, सासूच्या गुडघ्यांचं दुखणं, सगळं एकापाठोपाठ एक. मग लाईट आली, धोटा पळायला लागला आणि बाईचं वाक्य अर्ध्यातच तुटलं.

पटकथा तिथे हाताला लागली. या घरातलं सगळं बोलणं लाईट गेल्यावरच होणार. एवढं ठरल्यावर बाकीचं मला वेगळं शोधावं लागलं नाही. लाईट नाही म्हणजे उजेड दारातून येईल तेवढाच. बोलायला वेळ थोडा म्हणजे संवाद तुटक. संगीताची गरजच नाही, कारण मागाचा आवाज येतो आणि बंद पडतो, तोच ताल. ज्या कल्पनेतून पुढचे निर्णय आपोआप निघतात ती कल्पना खरी, असं माझं ठाम मत आहे. जी ऐकायला छान वाटते, पण कॅमेरा कुठे ठेवायचा हेही सांगत नाही, तिच्यावर अजून काम बाकी आहे. व्यासपीठावरही मी हेच सांगते, आणि गवंडी असो की शिंपी, आपापल्या धंद्यातलं उदाहरण देऊन माना डोलावतात.

मुलं विचारतात, आमच्याकडे साधनं कुठे आहेत? त्यांना फाळक्यांची गोष्ट जरूर सांगा. १९१३ साली भारतातला पहिला कथापट लोकांसमोर आणण्याआधी भांडवल उभं करायला त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर दाखवली होती. दिवसेंदिवस चालणारी वाढ मिनिटाभरात दिसली आणि पैसा देणाऱ्याला या माध्यमाची ताकद कळली. आणि जवळचं सांगायचं तर निपाणी ओलांडली की कोल्हापूर. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले. १९२९ साली प्रभात कंपनी कोल्हापुरातच उभी राहिली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली आणि तिच्याच जागेत १९६० साली पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. हा वारसा आपल्या हायवेवरचा आहे, हे सीमाभागातल्या मुलांच्या कानावर पडलंच पाहिजे.

आता तयारीचं. मांडवात दिवसाउजेडी प्रोजेक्टर लावून काहीही दिसत नाही. अंधार पडल्यावरची वेळ मागा, नाहीतर शाळेच्या वर्गाच्या खिडक्या झाकून तिथे दाखवा. पूर्ण लघुपटापेक्षा तीन-चार मिनिटांचा तुकडा पुरतो. माझी आवडती पद्धत म्हणजे एकच दृश्य दोनदा दाखवायचं, एकदा संगीतासकट आणि एकदा संगीताशिवाय, आणि कुठलं खरं वाटलं म्हणून हात वर करायला सांगायचं. त्यानंतर प्रश्न विचारा म्हणून विनवावं लागत नाही. फाइल साध्या एमपी-फोर स्वरूपात दोन पेनड्राइव्हवर ठेवा आणि मांडवातल्या साउंडवाल्याला लवकर गाठून आवाज लावून बघा. मांडवातले स्पीकर भाषणासाठी लावलेले असतात, बारीक आवाज त्यातून हरवतात. मानधनाचं आणि प्रवासखर्चाचं आमंत्रण स्वीकारतानाच विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. मुलाखत घेणाऱ्याला तुमचा लघुपट आधी पाठवा, पण प्रश्नोत्तरं पाठ करून बसू नका.

सबटायटल कन्नडमध्येही करा. आपल्या गल्लीत, बाजारात, मागावर दोन्ही भाषा नांदतात, आणि शेजारी बसलेल्या कन्नड माणसाला आपलं काम कळलं तर सभागृह आणखी आपलं होतं. सीमाप्रश्नावर फिल्म का करत नाही, असा प्रश्नही येईल. तो टाळू नका, त्यामागे १९५६ पासूनचं दुखणं आहे. मी सांगते की मला घोषणांपेक्षा मराठी शाळेत शिकलेला मुलगा कचेरीत कन्नड अर्ज हातात घेऊन कुणाकडून तरी भरून घेतो, तो क्षण दाखवायचा आहे. लिहून देणारा माणूस कन्नड असतो आणि आपुलकीने लिहून देतो, हेही त्याच चौकटीत आलं पाहिजे. एवढं मोकळेपणाने सांगितलं की मतभेद असलेली माणसंही ऐकून घेतात.

दुसऱ्यांना ऐकायलाही जा. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरतो, बहुतेक वेळा नोव्हेंबरमध्ये, आणि चोर्ला घाट उतरला की आपण तिथेच. मोठ्या दिग्दर्शकांची जाहीर मुलाखत ऐकायची तर त्यांचा एक तरी चित्रपट आधी बघून जा आणि एकाच दृश्याबद्दल प्रश्न विचारा. ‘नवोदितांना काय सांगाल’ हा प्रश्न विचारला की ठरलेलं उत्तर मिळतं. ‘त्या प्रसंगात खिडकी बंद का ठेवली’ विचारलं की त्यांचा चेहरा खुलतो.

सत्र संपल्यावर लगेच गाडीत बसू नका. चहाच्या टेबलापाशी थांबा. जे शंभर जणांपुढे बोलत नाहीत ते तिथे येऊन सांगतात: आमच्या गावात असा एक माणूस आहे, आमच्या आजीची अशी गोष्ट आहे. नाव, गाव, फोन लिहून घ्या आणि आठवड्याच्या आत फोन करा. भेटायला जाणार असाल तर खानापूरकडच्या गावांत ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा. तेव्हा भातकापणी आणि मळणी चालू असते, कुणालाही निवांत बसून बोलायला सवड नसते.