घरपट्टीचं किरकोळ पुरवणी बिल रद्द कसं करून घ्यावं

गोव्यात पडवी झाकली किंवा बाल्कांव (घरापुढचा बसायचा ओटा) वाढवला की वर्षाची घरपट्टी भरून झाल्यावरही पंचायतीचं पुरवणी बिल येतं. रक्कम किरकोळ, म्हणून ते कपाटात पडून राहतं. एप्रिलमध्ये तीच रक्कम थकबाकीत चढते आणि एखादा दाखला आणायला गेल्यावर नेमकी आडवी येते.

आधी मागणी काय ते ठरवा. आकारणी चुकली असेल तर मागायची ती दुरुस्ती. ‘रक्कम लहान आहे, सोडून द्या’ ही झाली माफी, आणि ती सचिव किंवा सरपंच एकट्याच्या सहीने देऊ शकत नाहीत. दोन्ही एकाच अर्जात घालू नका. हक्काची दुरुस्तीही रखडते.

बिलावरचा घर क्रमांक, क्षेत्रफळ आणि आकारणी कोणत्या तारखेपासून लावली ते ताडून बघा. समजा पडवी ४ मीटर बाय ३, म्हणजे १२ चौरस मीटर, पण नोंदवहीत अंक उलटे पडून २१ झाले. दर चौरस मीटरला ४ रुपये धरला तर ४८ च्या जागी ८४ येतात. इथे बिल रद्द होणार नाही, ३६ रुपये कमी होतील. पूर्ण रद्द होतं ते दुबार आकारणीत: तीच पडवी मूळ बिलातही धरलेली असते. त्यासाठी मागच्या दोन-तीन वर्षांच्या पावत्या, मंजूर नकाशाची प्रत आणि टेपने घेतलेली मापं जोडा. बांधकामाला परवाना नसेल तर आधी जाणत्या माणसाचा सल्ला घ्या. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही.

अर्ज पंचायत सचिवांच्या नावे, पालिका हद्दीत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय परतू नका. विषय पंचायतीच्या पंधरवड्याच्या बैठकीत घ्यावा, असं अर्जातच लिहा. मुदत संपत आली असेल तर ‘हरकत राखून’ असं लेखी देऊन पैसे भरा आणि जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करायला सांगा.

ठराव झाला की काम झालं असं समजू नका. बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात: इतिवृत्तात ठराव असतो, पण मागणी नोंदवहीत, म्हणजे कोणाकडून किती घरपट्टी घ्यायची ते लिहिलेल्या वहीत, जुनाच आकडा राहतो. ठरावाची प्रत घ्या, नोंदवहीतली दुरुस्ती आणि तिच्यावरची सही स्वतः बघा. टाळाटाळ झाली तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात त्या पानाची प्रत मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.