वायरच्या रंगावर जाऊ नका: जुन्या गाडीचं इंजेक्शन बदलताना

माझ्या गाडीतली जुनी एल-जेट्रॉनिक, म्हणजे बॉशची पेट्रोल इंजेक्शन सिस्टीम, काढून प्रोग्रॅमेबल ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) बसवला, तेव्हा माझे तीन रविवार एका प्लगने खाल्ले. बॉशच्या या सिस्टीममध्ये इंजेक्टर, टेम्परेचर सेन्सर, कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह, ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह या सगळ्यांना दोन पिनांचा एकसारखाच प्लग असतो. कुठलाही कुठेही खटकन बसतो. मी सेन्सरचा प्लग एअर व्हॉल्व्हला लावला होता. त्यातल्या हीटरचे थोडेसे ओहम बघून ईसीयूने ठरवलं की इंजिन चांगलंच तापलंय, आणि पेट्रोल कमी केलं. थंड इंजिन सुरू होईना. मी मात्र पंप खोलून बसलेलो.

म्हणून आधी चिठ्ठ्या, मग पक्कड. एकही प्लग काढण्याआधी त्याला टेप गुंडाळा आणि त्यावर वायरचं काम लिहा: ‘इंजेक्टर 3’, ‘पाण्याचा सेन्सर’. ‘पांढरी-निळी’ असं लिहून काही उपयोग नाही. चाळीस वर्षांच्या उष्णतेने आणि ऑइलने सगळ्याच वायरी मळकट होतात. शिवाय रंगाचा अर्थ देशागणिक बदलतो. जर्मन गाडीत तपकिरी म्हणजे अर्थ (अर्थिंगची वायर), तर जुन्या ब्रिटिश गाडीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरीचा करंट. एकीची सवय दुसरीवर चालवलीत तर ठिणगीच बघाल.

जर्मन गाडीत रंगापेक्षा रिलेवरचे (विजेवर चालणाऱ्या स्विचवरचे) आकडे भरवशाचे. 30 म्हणजे कायम करंट, 15 म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, 31 अर्थ, 50 स्टार्टर. 85 आणि 86 रिलेच्या कॉइलचे, 87 त्यातून बाहेर पडणारा. इग्निशन कॉइलवरच्या 1 नंबरवरून जुन्या ईसीयूला इंजिनचा वेग कळतो.

मग मीटर. बॅटरी सोडवा, प्लग काढा आणि पार्टच्या पिनांवरच ओहम मोजा. आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून बघा. माझा मीटर तिथेच 0.4 दाखवतो, तेवढे वजा करायचे. इंजेक्टरवर 2 ते 3 ओहम आले तर तो लो इम्पीडन्स, 12 ते 16 आले तर हाय. हा फरक चुकवू नका. लो इंजेक्टरला जुन्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) वेगळा रेझिस्टर पॅक असतो. तो फेकून देऊन हेच इंजेक्टर साध्या ड्रायव्हरच्या (इंजेक्टर चालवणाऱ्या सर्किटच्या) ईसीयूला जोडले तर ड्रायव्हर जळू शकतो. आणि ‘टकटक वाजतो का बघू’ म्हणून लो इंजेक्टरला थेट 12 व्होल्ट देऊ नका, कॉइल जाते.

टेम्परेचर सेन्सर ओळखायला मगभर गरम पाणी पुरतं. बॉशचा सेन्सर 20 अंशांना साधारण 2,500 ओहम दाखवतो, 80 अंशांना 300च्या आसपास. पाण्यात बुडवल्यावर आकडा घरंगळत खाली आला पाहिजे.

थ्रॉटलवर तीन पिना दिसल्या म्हणून खूश होऊ नका. एल-जेट्रॉनिकमध्ये तो नुसता स्विच असतो: 18 कॉमन, 2 आयडलचा, 3 फुल थ्रॉटलचा. नव्या ईसीयूला बहुतेक वेळा पोटेन्शिओमीटर, म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर, लागतो. त्याच्या ज्या दोन पिनांमधले ओहम थ्रॉटल फिरवून बदलत नाहीत, त्या 5 व्होल्ट आणि अर्थ. उरलेली सिग्नलची.

सगळ्यात जास्त काळजी पेट्रोल पंपाच्या वायरीची. बऱ्याच जुन्या एल-जेट्रॉनिक गाड्यांत एअर फ्लो मीटरच्या (इंजिनात येणारी हवा मोजणाऱ्या पार्टच्या) आत एक छोटा कॉन्टॅक्ट असतो. हवा आत येणं थांबलं की तो उघडतो आणि पंप बंद पडतो. अपघातात इंजिन बंद पडलं आणि पाइप फुटला, तरी पंप पेट्रोल ओतत राहत नाही. हा एअर फ्लो मीटर काढून टाकलात की ही सोय गेली. कोणी ‘पंप सरळ 15ला जोडून टाक’ म्हणालं तर ऐकू नका. पंपाचा रिले ईसीयूच्याच ताब्यात द्या. काम झाल्यावर इंजिन आयडलला ठेवून क्रँक सेन्सरचा (नव्या ईसीयूला इंजिन फिरतंय हे सांगणाऱ्या सेन्सरचा) प्लग काढा. इंजिन बंद पडेल. एक-दोन सेकंदांत पंपाची घरघरही थांबली पाहिजे. नाही थांबली, तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.